दोन्ही चंबू निवळले

शाळेची मुलं दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत येतात, तेव्हा जिवाणूची भिंत त्यांना मी समजावते. बावीस वर्षं झाली. एरवी मी जिवाणूंचं खाद्य शिजवणारी, सगळ्यांची मावशी. त्या दिवसापुरती मास्तरीण. माझा नियम एकच: मुलाचा प्रश्न टाळायचा नाही.

यंदा प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "मावशी, या वेळी हिला बोलू दे. तुम्ही निवांत बसा."

ही म्हणजे नवी संशोधक, येऊन जेमतेम चार महिने झालेली. माझा नुसता जळफळाट झाला.

वर तिनेच विचारलं, "मावशी, तुमचा तो चपलांचा धडा मी घेऊ का?"

"घे की. चपलाही घेऊन जा."

ती हसली. मी नाही.

तिचा बेत माझ्याहून सरस होता, हेच तर दुखत होतं. जिवाणूची भिंत म्हणजे साखरेच्या लांब दोऱ्या आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे अमिनो आम्लांचे टाके. त्या टाक्याला डी-अ‍ॅलनीन नावाचं अमिनो आम्ल लागतं. एल-अ‍ॅलनीन म्हणजे त्याचंच आरशातलं रूप. पण डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसं ते तिथे बसत नाही. इतर जिवाणू एलचं डी स्वतःच करून घेतात. तिच्या जिवाणूंना ते येत नव्हतं, डी वरून घालावं लागे. नाही घातलं, तर वाढता वाढता भिंत उसवते, जिवाणू फुटतात आणि गढूळ पाणी निवळतं. एका चंबूत काहीच घालायचं नाही, दुसऱ्यात डी घालायचं. फरक मुलांनी डोळ्यांनी बघायचा.

सकाळी नऊला तिने घाईघाईत फडताळातली बाटली उचलली. एलची. लेबल मला स्वच्छ दिसलं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

दुपारी मुलं आली. उलट्या चपला घालून फेंगडी चालली, पोट धरून हसली. माझ्या वेळी कधी इतकी हसली नव्हती. मग तिने चंबूंवरचं फडकं काढलं.

दोन्हींतलं पाणी नितळ.

"ताई, दोन्ही मेले?" पुढे बसलेल्या एका चिमुरडीने विचारलं.

नवीने बाटली उचलून बघितली. तिचा चेहरा उतरला. "मीच चुकीचं घातलं," ती पुटपुटली.

"मावशी, आता तुम्हीच सांभाळा," सर म्हणाले.

हेच तर मला हवं होतं. मी उठले, पण धडा काही तोंडातून फुटेना.

"बाटली चुकली, हे मला सकाळीच दिसलं होतं," मी म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?" पुन्हा तीच चिमुरडी.

सगळे माझ्याकडे बघत होते. नियम माझाच होता.

"मला हिचा हेवा वाटला, बाळा. तुम्हाला शिकवायचं काम हिला मिळालं म्हणून."

चिमुरडीने क्षणभर विचार केला. "मला पण वाटतो. माझ्या ताईचा. पण मी तिच्या वह्या नाही लपवत." मग जरा थांबून, "आता नाही लपवत."

नवी टेबलाकडे वळली. मूळचे जिवाणू थोडे शिल्लक होते, ते तिने दोन नव्या चंबूंत ओतले. मग फडताळातून बाटली काढून माझ्यासमोर धरली.

"लेबल वाचा मावशी. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "डी-अ‍ॅलनीन."