नळीच्या दुसऱ्या टोकाला

स्क्रूचं पितळी डोकं, त्यातली खाच, खाचेत बसलेलं स्क्रूड्रायव्हरचं टोक... पाव फेरा आत. थांबायचं. ऐकायचं. पाव फेरा बाहेर. इंजिन घुमतंय, किंचित अडखळतं, सावरतं, पुन्हा अडखळतं – जिना उतरताना पायरी आहेसं वाटावं आणि ती नसावी, तसं. वेंडेल जारोझने श्वास रोखून धरला होता. हे अडखळणं त्याला ऐकू येत होतं. छातीत, दातांत, गाडीला टेकलेल्या मांडीत जाणवत होतं. म्हणजे कान ठीक आहेत, त्याने स्वतःला सांगितलं, आणि हे आपण सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय हेही त्याच्या लक्षात आलं.

साडेनऊ. अकराला डोरीन येणार – त्याची धाकटी बहीण, शाळेची बस चालवणारी, या गाडीची मालकीण. एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून घेतलेली, सत्तर सालची, निळी. लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडर, वर हवेत पेट्रोल मिसळणारा चार घशांचा कार्ब्युरेटर. दुपारी गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि नऊ वर्षांच्या नातीला, ब्रिजेटला, शेजारी बसवून डोरीन ती चालवणार होती. गेल्या गुरुवारी हीच गाडी डावीकडे वळताना चौकाच्या मधोमध बंद पडली होती. समोरून ओंडके भरलेला ट्रक... ट्रक थांबला. हातभर अंतरावर थांबला. डोरीनने फोनवर हे हसत हसत सांगितलं, पण त्या हसण्यात त्याला सामील होता आलं नव्हतं. कारण त्याच्या दोनच दिवस आधी, याच गॅरेजमध्ये, हात पुसत त्याने तिला म्हटलं होतं – झाली गाडी. खुशाल ने.

पुन्हा पहिल्यापासून. मंद चालीत इंजिन अडखळतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. याची कारणं दोनच. एक, कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देतोय – तो त्याने तीनदा खोलला होता, प्रत्येक भोकात तार घालून पाहिली होती, तरंगणाऱ्या फ्लोटची उंची पट्टीने मोजली होती, गास्केटं नवी घातली होती. निर्दोष. दुसरं, खाली कुठेतरी फट आहे आणि इंजिन तिथून चोरून हवा ओढतंय. पण फट नव्हती. फट असती तर बारीक सूं असा आवाज आला असता, आणि तो आवाज शोधण्यात या रस्त्यावर वेंडेलचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन फुटी रबरी नळी, एक टोक उजव्या कानात, दुसरं टोक इंजिनवरून हळूहळू फिरवायचं. तो कामाला होता त्या कारखान्याच्या प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्रा ठोकायच्या विभागातले, सगळे याच पद्धतीने गाड्या ठीक करत. पण फटीचा आवाज सापडेना झाला की लोक गाडी घेऊन त्याच्याकडे येत. यंत्रं कशाला, वेंडेलचा कान आहे ना. काल संध्याकाळी त्याने नळी दोनदा फिरवली होती. शांतता. एकदम स्वच्छ शांतता.

आणि तरीही आज सकाळी, दार आतून लावून घेऊन, त्याने कपाटातलं ते खोकं काढलं होतं. डोरीनने वाढदिवसाला दिलेलं, इंजिनची हवेची ओढ मोजणारं व्हॅक्यूमचं मीटर, चार वर्षं न उघडलेलं. जोडलं. काटा अठरावर स्थिर हवा होता. तो चौदावर होता, थरथरत.

काटा म्हणतो फट आहे. कान म्हणतो नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि काट्याला खोटं बोलायचं कारण काय?

...जाड आवाज टिकतात, बारीक आधी जातात. हे त्याला कंपनीच्या नर्सने सांगितलं होतं, एकतीस वर्षांच्या नोकरीतल्या कानांच्या शेवटच्या तपासणीला. प्रेस उजव्या हाताला असायचा. दर चार सेकंदांनी एक दणका. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की अंगठ्याने बटण दाबायचं. वेंडेल शांतपणे बसला होता. मग काही वेळाने त्याला दिसलं की समोरच्या काचेत नर्सच्या हाताचं प्रतिबिंब पडतंय; कळ फिरवताना तिची करंगळी किंचित उचलली जाते. करंगळी उचलली की बटण. करंगळी उचलली की बटण. ‘तुमच्या वयाला फारच छान, मिस्टर जारोझ,’ ती म्हणाली होती. आपण तिला फसवलं असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

दारावर बराच वेळ थापा पडत असाव्यात, कारण त्याने शेवटी कडी काढली तेव्हा डोरीन वैतागलेली होती. हातात डोनटचा डबा.

“काय डॉक्टर, पेशंट जिवंत आहे का?”

“लवकर आलीस.”

“ब्रिजेट सहापासून गॉगल लावून दारात उभी आहे. म्हटलं, बघून तरी यावं.” तिची नजर मीटरवर गेली. “अरे देवा! उघडलंस? मला वाटलं होतं ते खोकं तुझ्याबरोबरच पुरावं लागणार.”

“नुसतं बघत होतो.”

“मग? काटा काय म्हणतो?”

“काट्याला काय कळतंय.”

“बरं बाबा.” तिने डबा ठेवला. आता ती हसत नव्हती. “कान काय म्हणतो? तू हो म्हणालास तर ब्रिजेटला नेते. नाहीतर नाही. मला दुसरं काही कळत नाही.”

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मान हलवली की पुरे. स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला की तासभर गाडी ठीक चालेल, मिरवणूक काय, पायी चालणाऱ्याच्या वेगाने... पण मिरवणुकीपर्यंत जायला तोच चौक, तेच डावं वळण. बंद पडलेल्या गाडीतली शांतता कशी असेल? स्वच्छ. एकदम स्वच्छ. त्याच्या हातात नळी होती. ती कधी उचलली ते त्याला आठवेना.

“तू ऐक,” तो म्हणाला.

“मी? तुझ्या कानातली नळी? शी!”

“पुसून घे. ऐक म्हणतो ना.”

डोरीनने नळीचं टोक शर्टाला पुसलं आणि ती वाकली. वेंडेल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. नळी पुढून मागे सरकत होती: कार्ब्युरेटरची कड, डावी बाजू, उजवी... चेहरा कोरा. मग मागे, ब्रेककडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपच्या खाली, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी तिची भुवई उचलली गेली. नळी थांबली. पुढे गेली, परत तिथेच आली. भुवई पुन्हा.

त्याचा अंगठा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर आपोआप दाबला गेला.

डोरीन सरळ झाली. ती त्याच्या उजव्या हाताला होती, पाऊलभर अंतरावर. तिथूनच बोलली असती तरी चाललं असतं. पण ती गाडीच्या नाकाला वळसा घालून, डोनटचा डबा चुकवून, त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली – अगदी सहज, सवयीने. आईच्या अंत्यविधीला तिने खुर्ची बदलली होती. नाताळच्या जेवणाला दरवर्षी ती प्लेट उचलून त्याच्या डावीकडे यायची. त्याला वाटायचं, खिडकीसाठी.

किती वर्षं तिला हे ठाऊक होतं?

इंजिन अडखळलं, सावरलं. मीटरचा काटा थरथरत होता आणि डोरीनने बोलायला तोंड उघडलं होतं. तिच्या ओठांकडे बघायचा मोह त्याला झाला. अंगठा अजून मुठीवर दाबलेलाच होता; त्याने तो हळूच सैल सोडला, नजर पितळी स्क्रूवर ठेवली, आणि वाट पाहत राहिला.