शिवलेलं शेवटचं प्रकरण

या मंडळी, असे पुढे सरून बसा. मागे भिंतीला टेकून राहिलात तर ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायची नाही, तिचा आवाज हळू आहे. म्हैसूरच्या दामोदररावांची गोष्ट आहे.

देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानावर मराठी मंडळाचं वाचनालय आहे. थोडी कपाटं, एक कुरकुरणारा पंखा आणि दारापाशी फळा. फळ्यावर दर महिन्याला तीन शिफारशी असत: वर कादंबरी, मधे रहस्यकथा, खाली चरित्र नाहीतर प्रवासवर्णन. वरची आणि खालची ओळ वाचनालय सांभाळणाऱ्या दामोदररावांची. मधली त्यांच्या पत्नीची, कमलिनीबाईंची.

बाईंची रीत न्यारी. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण त्या लाल दोऱ्यानं शिवून टाकायच्या. वाचणाऱ्यानं आधी येऊन खुनी कोण ते त्यांना सांगायचं, मगच दोरा कापला जायचा. कीर्तनात बुवा आख्यान ऐन भरात आणून नामघोषासाठी थांबतात ना, अगदी तसं. "थांबवलं की माणूस जवळ येतो," असं त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी बाई देवाघरी गेल्या. मधली ओळ तेव्हापासून कोरी.

त्यांनी शिवलेलं शेवटचं पुस्तक दामोदररावांच्या टेबलाच्या खणात होतं. ते खास नवऱ्यासाठीच शिवलेलं. दवाखान्याच्या खाटेवरूनही आपल्या कानडी वळणाच्या मराठीत, 'अहो'च्या जागी 'री' लावून विचारायच्या, "काय री, ठरलं का? कोण मारलं?"

"उद्या सांगतो," ते म्हणायचे. तो उद्या राहूनच गेला.

एका रविवारी चैत्राली आली. साताऱ्याची मुलगी, नोकरीसाठी म्हैसूरच्या हूटगळ्ळी भागात एकटी राहणारी.

"काका, मधली ओळ रिकामी का? खडू संपला?"

"खडू आहे ग. निवडणारी नाही."

"मग तुमच्या उघड्या खणात दिसतंय ते लाल दोऱ्याचं?"

"अय्यो, ते बेडा, ते नको. ते द्यायचं नाही."

"वाचनालय आहे की देव्हारा?"

दामोदररावांना ते लागलं. पण कमलिनीबाई असत्या तर हेच बोलल्या असत्या, हेही त्यांना कळलं. त्यांनी बाईंची रीत समजावून सांगितली आणि पुस्तक पुढे केलं.

पुढच्या रविवारी ती आली. दोरा जसाच्या तसा.

"डॉक्टर! शंभर टक्के डॉक्टर. कापा आता."

"डॉक्टर कसा असेल? जावई आहे तो जावई," दामोदरराव तावातावानं म्हणाले. इतक्या महिन्यांनी त्यांनी आपला अंदाज मोठ्यानं बोलून दाखवला होता.

खालून शिंप्याची कात्री आली. आणि त्यांचा हात थबकला. बाईंच्या हातचा हाच एक टाका उरला होता.

"काका, राहू दे हवं तर. मला नाही कळलं तरी चालेल."

त्यांनी मान हलवली. बाईंनी शिवलं होतं ते उघडण्यासाठीच की. देवाचं नाव घेतलं आणि दोरा कापला.

चैत्रालीनं मोठ्यानं वाचलं. डॉक्टर नव्हता, जावईही नव्हता. पहिल्या पानापासून सगळ्यांना कॉफी आणून देणारी आत्या!

"आपण दोघंही गाढव!" ती खळखळून हसली, बसची वेळ झाली म्हणून धावत निघूनही गेली.

दामोदरराव बसून राहिले. त्यांचा अंदाज नेहमीच चुकायचा. चुकला की कमलिनीबाई टाळी वाजवून म्हणायच्या, "हुच्च आहात री तुम्ही, अगदी वेडे!" त्यांना राग यायचा. आज ते त्या टाळीची वाट पाहत होते. पंखा कुरकुरत राहिला. हरले होते, पण जिंकणारी कुठे होती?

मग उठून खाली गेले, लाल दोरा मागून आणला आणि वेड्यावाकड्या टाक्यांनी ते प्रकरण पुन्हा शिवलं. फळ्यावरची मधली ओळ भरली. शेजारी लिहिलं: अंदाज आधी इथे येऊन सांगावा.

म्हैसूरातल्याच विजयनगर भागातल्या आपल्या घराचं कुलूप त्यांनी काढलं तेव्हा ओठांवर शब्द होता, "आत्या." तो ऐकायला घरात कोणी नव्हतं.

मंडळी, एवढंच मागणं. कुठल्याही रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणाशी याल तेव्हा पान उलटण्याआधी अंमळ थांबा, आपला अंदाज कोणाला तरी सांगा, आणि आमच्या कमलिनीबाईंची आठवण काढा.