एक मिनिट बावन्न

मोजणीदाराची गाडी स्क्रीनवर पुन्हा भिंतीला घासली आणि मागच्या खुर्चीतून आवाज आला, "गेली."

एवढंच. 'अरेरे' नाही की 'असू दे' नाही. सुटलेल्या बसकडे बघत माणूस म्हणतो तसं नुसतं "गेली". मोजणीदारानं दात आवळले, बटण दाबून गाडी सुरुवातीच्या रेषेवर आणली आणि मागे न बघता म्हणाला, "बाबा, जेवण झालंय, जरा आत पडायचं नाही का?"

"पडून काय करू? भिंतीपलीकडून तुझे टायर किंचाळतात. ब्रेक लवकर लावतोस म्हणून किंचाळतात."

"आत्ता उशिरा लावला म्हणून तर भिंतीला लागली!"

"उशिरा नाही, घाबरत लावलास. उशिरा लावणं वेगळं."

रविवारची दुपार, आठवड्यातला एवढाच वेळ हाताशी, आणि पाठीशी हा वेताळ. मोजणीदारानं हातमोज्यांनी कपाळ पुसलं आणि पुन्हा गिअर टाकला.

तो रस्ते खात्यात मोजणीचं काम करायचा. चढ किती, उतार किती, वळणाला बाहेरून किती उचल द्यायची, हे सगळं त्याच्या बोटांवर. घराच्या मागच्या खोलीत पूर्वी इस्त्रीचं टेबल आणि रिकामी खोकी होती. आता तिथे लोखंडी पाइपांचा सांगाडा होता, त्यात भंगारातल्या गाडीची सीट, पुढे स्टिअरिंग, खाली तीन पेडलं आणि समोर कमान करून लावलेले तीन स्क्रीन. त्याची बायको या सिम्युलेटरला 'सवत' म्हणे. "सवतीकडे निघालात वाटतं," असं म्हणून ती रविवारी खुशाल बहिणीकडे निघून जाई.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांना तो खेळ वाटतो. खेळच तो, पण दया न करणारा. टायर थंड असले की पहिल्या फेरीत गाडी साबणावरून चालल्यासारखी सरकते. ब्रेक तापले की पेडल खोल जातं. वळणात जरा जास्त जोर लावला की स्टिअरिंग हातात हलकं होतं, आणि ते हलकं होणं म्हणजे आता चाकं तुमचं ऐकत नाहीत. ऑफिसात साहेबाला काहीबाही सांगून वेळ मारून नेता येते. इथे कुणाला काय सांगणार? म्हणूनच मोजणीदाराला हे यंत्र प्यारं होतं, आणि म्हणूनच त्या यंत्रानं त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आणला होता.

कारण त्याला एकच रस्ता हवा होता, आणि तो रस्ता जगात उरलेला नव्हता. शहराबाहेरच्या तलावाला वळसा घालून जाणारा तो रस्ता बाबांच्या तरुणपणी वर्षातून दोनदा वाहतुकीला बंद होई आणि तिथे गावच्या क्लबच्या शर्यती होत. चिंचोळ्या टायरांच्या, बिनपट्ट्याच्या गाड्या आणि कडेला गवताच्या पेंढ्या. डोक्यावर हेल्मेट असलं तर नशीब. पुढे शेवटच्या वळणावर एक जण भिंतीवर आदळून जागीच गेला आणि शर्यती कायमच्या बंद झाल्या. आता त्या वळणाच्या जागी गाद्यांचं दुकान आहे.

मोजणीदारानं तो रस्ता पुन्हा उभा केला होता. खात्यातले जुने नकाशे, लोकांच्या घरचे फोटो, तलावाच्या काठाच्या पातळ्या, सगळं जमवून, दोन वर्षं खपून, वीतवीत करत. बाबांची गाडीही त्यानं तशीच बनवली, तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच ताकदीची. आणि मग तो बाबांच्या वेळेच्या मागे लागला.

ती वेळ होती एक मिनिट बावन्न सेकंद. तलावाची एक फेरी. शर्यती बंद झाल्यामुळे तो विक्रम कुणी मोडलाच नाही. क्लबचा लाकडी फलक घरी आला आणि पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर लागला. बाबांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथली माणसं त्यांना 'बावन्न' म्हणत. घरात त्याचा उच्चार होत नसे, पण आकडा सगळीकडे होता. मोजणीदार पहिल्या वर्गात पास झाला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "पहिल्या वर्गात असे किती जण आहेत?" नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "बसून करायचं काम दिसतंय." वाईट माणूस नव्हता तो. पण एकदा कुणापेक्षाही लवकर पोहोचलेल्या माणसाला बाकीचे सगळे उशिरा आल्यासारखेच दिसतात. मोजणीदाराला त्यांना हरवायचं होतं असंही नाही. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून 'जमलं तुला' ऐकायचं होतं. वय चाळिशीच्या पुढे गेलं तरी ही भूक जात नाही, याचा त्याला स्वतःचाच राग येई.

आणि जमत नव्हतं! साडेत्रेपन्न. पुन्हा साडेत्रेपन्न. टायरांतली हवा बदलली, ब्रेकची जागा बदलली, उतार पुन्हा तपासला. एकदा तर लाज गुंडाळून त्यानं गाडीचं वजनच गुपचूप कमी केलं, आणि पाच मिनिटांत स्वतःला शिव्या घालत पुन्हा होतं तेवढं केलं. दीड सेकंद काही केल्या निघेना. मागून आपलं चालूच. "गाडी आधी बुडाला कळते, मग डोक्याला. तुझं सगळं डोक्यातच."

त्या दुपारी पुढची फेरीही साडेत्रेपन्नला संपली आणि मोजणीदारानं स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"बाबा, एक विचारू? त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं ना?"

खुर्ची करकरली. "काय म्हणालास?"

"नाही, मी आपलं..."

"घड्याळ तुझ्या आईच्या हातात होतं!" बाबा कडाडले. कोर्टात साक्ष संपली, अशा थाटात. क्लब एवढासा, की ज्याची गाडी त्याच्याच घरचं माणूस वेळ लावी, आणि सगळे एकमेकांच्या शब्दावर विसंबत. "चुकत असेल तर तुझं हे कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय. अगं ए! ते स्टॉपवॉच आण बघू!"

आई ओले हात पदराला पुसत दारात आली. स्टॉपवॉच तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये पडलेलं असे. "आता कशाला तो ताप? रविवार आहे, दोघं गप्प बसा की जरा."

"आण म्हटलं ना. होऊन जाऊ दे खरंखोटं."

आईनं ते आणलं, किल्ली दिली, कानाशी धरलं. चालत होतं. मग ती सांगाड्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, घड्याळ छातीशी धरून.

मोजणीदारानं चिडून गाडी सोडली, आईनं बटण दाबलं. चिडलेला असताना तो बरा चालवी, हेही एक दुर्दैवच. तलावाच्या कडेची सरळ वाट, पुलावरची उडी, वडाखालचं डावं वळण, सगळं हाताला आपोआप येत गेलं. शेवटच्या वळणात त्यानं ब्रेक लावला, इंजिनाचा आवाज खाली बसला, गाडीचं मागचं अंग जरासं सुटलं, त्यानं धरलं, आवाज पुन्हा चढू लागला. आणि कानाशी 'टक्' झालं.

रेषा अजून पुढे होती. तो रेषेवरून गेला तेव्हा स्क्रीनवर आलं, एक मिनिट त्रेपन्न पूर्णांक पाच.

बाबांनी मात्र स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी आईच्या हातून घड्याळ घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. एक मिनिट बावन्नच्या किंचित आत. ते उठले. त्यांचा जड हात मोजणीदाराच्या खांद्यावर आला.

"मोडलास," ते म्हणाले. "अरे, मोडलास की! जमलं तुला."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच. क्षणभर त्याला वाटलं, गप्प बसावं, हात खांद्यावर आहे तोवर असू द्यावा. पण समोर त्रेपन्न पूर्णांक पाच लुकलुकत होतं आणि तो जन्माचा मोजणीदार होता.

"आई, तू कुठे दाबलंस?"

"कुठे म्हणजे? नेहमी दाबते तिथेच."

"रेषेवर?"

"रेषा कोण बघतंय?" आई म्हणाली. "त्या वळणावर मी डोळे मिटते. आवाज खाली जातो आणि पुन्हा चढतो ना, तेव्हा दाबते. चढला म्हणजे सुटली गाडी, सुखरूप आहे."

"पण रेषा त्याच्या पुढे आहे!"

"असेल. रेषेवर कोण मरत होतं?"

खांद्यावरचा हात निघून गेला.

"तू डोळे मिटायचीस?" बाबांनी विचारलं. "त्या दिवशीही?"

"आम्ही सगळ्याच मिटायचो. ओळीनं बाकावर बसून. तुम्हाला काय वाटलं, मजा बघत होतो?"

मोजणीदाराच्या डोक्याची शीर उडायला लागली. "दोन वर्षं!" तो ओरडला. "दोन वर्षं मी रात्रंदिवस ज्याच्यासाठी खपलोय त्या वेळात कुणी गाडी चालवलेलीच नाही! आणि तू पलीकडच्या खोलीत बसून सगळं ऐकत होतीस!"

"मला काय माहीत तुम्ही आकड्यासाठी भांडताय," आई म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच जास्त चीड आणणारं होतं. "मला वाटलं, बापलेक बोलताय."

बाबा अजून घड्याळाकडे बघत होते. "मग मी किती वेळात आलो होतो?" त्यांनी विचारलं. "त्रेपन्न? चोपन्न? की त्याहून जास्त?"

"आलात ना," आई म्हणाली. "तेवढं पुरे."

"मला पुरत नाही. ऊठ रे."

मोजणीदार उठला. ज्या यंत्राला बाबा 'पोरखेळ' म्हणत, ज्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही, त्यात ते गुडघे धरून, कण्हत, शिव्या घालत उतरले. त्यानं सीट पुढे घेतली. पेडलं दाखवली. पहिल्यांदा गाडी जागीच बंद पडली. मग पुलावर गिरकी घेतली. मग वडाखाली गवतात. बाबांचं मानगूट लाल झालं.

"लवकर ब्रेक लावलात," मोजणीदार मागच्या खुर्चीतून म्हणाला. फार गोड लागलं ते त्याला, काय सांगावं! "घाबरत लावलात."

बाबांनी गाडी पुन्हा रेषेवर आणली. चौथ्या की पाचव्या फेरीला त्यांचे खांदे खाली आले, हात शांत झाले. पुलावरून गाडी एका रेषेत उतरली. वडाखाली त्यांनी स्टिअरिंग जेमतेम हलवलं आणि गाडी वळून गेली, आपण होऊन गेल्यासारखी. मोजणीदार पुढे सरकला. टोमणे मारायचं तो विसरला. इतकी वर्षं ज्याची नुसती बढाई ऐकली होती ते तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ती बढाई नव्हती.

आईनं घड्याळ त्याच्या हातात कोंबलं. "तू धर. माझ्याच्यानं नाही व्हायचं आता." ती दारापर्यंत गेली, पण बाहेर मात्र गेली नाही.

बाबांनी रेषा ओलांडली आणि त्यानं बटण दाबलं. तलावाची कड. पूल. वड. मग लांब सरळ वाट आणि टोकाला ती भिंत, त्यानं स्वतःच्या हातानं दगडादगडानं रंगवलेली. ब्रेक लावायची जागा आली. बाबांनी ब्रेक लावला नाही. अजून नाही. ते पूर्वीपेक्षा वेगानं येणार होते, मग काही होवो. हे त्यांच्या मानेकडे बघूनच कळत होतं. आवाज खाली येत नव्हता.

"बाबा!" मोजणीदार ओरडला.

मग काचा फुटल्याचा आवाज झाला, यंत्रातला.

"गेली," बाबा धापा टाकत म्हणाले. "तुझं घड्याळ काय म्हणतंय?"

मोजणीदारानं डोळे उघडले आणि तेव्हा त्याला कळलं की ते मिटलेले होते. स्क्रीनवर गाडी भिंतीत रुतली होती, एक चाक नुसतंच फिरत होतं, रेषा बरीच पुढे होती. त्याचा अंगठा मात्र बटणावर दाबलेला होता आणि हातातल्या घड्याळाचा काटा थांबला होता, एक मिनिट एक्कावन्नवर.

"आलात तुम्ही," तो म्हणाला.