सारखी वाटणी

२००३ साली मी चंद्रपूरला एम.फार्म. करत होते. कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सूज आणि दुखणंही कमी करतं का, हे उंदरांवर पाहायचं होतं. बारा उंदीर, दोन पिंजऱ्यांत सहा-सहा. एका पिंजऱ्याला औषध, दुसऱ्याला नुसतं डिंकाचं पाणी. आठ दिवसांनी साऱ्यांच्या पंजात सुई टोचून सूज आणायची आणि मोजायची. उत्तर आलं नाही तर माझं वर्ष वाया.

सकाळी औषध पाजायचं काम लटारूभाऊंचं. ते आमच्या प्राणिघराचे शिपाई, मूल तालुक्यातले. हात इतका हलका की त्यांना उंदीर कधी चावत नसे. मी आदल्या दिवशी दोन बाटल्या भरून ठेवायचे आणि भद्रावतीहून बसने येईपर्यंत दोन्ही रिकाम्या झालेल्या असायच्या.

नवव्या दिवशी सूज मोजली. दोन्ही पिंजऱ्यांत सारखीच! पुन्हा मोजली, तरी तेच. माझं डोकंच फिरलं. माझे गाईड सर म्हणाले, "हे बारा ईथरच्या बरणीत घाल. नवीन बारा मागव."

बरणी आणायला सांगितली, तर लटारूभाऊ जागचे हलेनात.

"बाई, याइले काऊन मारता? याइची काई चूक नाई. म्याच दोन्ही बाटल्या एका गंजात ओतत होतो. साऱ्याइले सारखं."

"पण काऊन, भाऊ?"

"माही बायको मनकर्णा हाडाच्या कॅन्सरनं गेली. दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या बाईले दुखणं थांबवाची सुई देत, हिले म्हणत, संपली. ही नुसती पाहे. त्या पाण्याच्या पिंजऱ्यातलेबी तसेच पाहेत."

"तुमच्या दयेपायी आता आणखी बारा मरतील, समजतं का?" मी ओरडले. माझ्या अब्बूंच्या वयाचा माणूस. असं बोलायला नको होतं, आजही लाज वाटते.

बरणी त्यांनीच आणली. एकेका उंदराच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि त्याला आत ठेवलं.

दुसऱ्या खेपेला सगळं जिथल्या तिथे झालं. औषधाच्या पिंजऱ्यात सूज निम्म्यावर आली. सर खूश झाले. पाण्याच्या पिंजऱ्यातले सहाही उंदीर सुजलेला पंजा वर धरून कोपऱ्यात बसले होते, आणि त्यांच्यासमोर लटारूभाऊ उकिडवे बसले होते.

"बाई," माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "या बारीले म्या बरोबर केलं नं?"

"हो, भाऊ," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

त्यांनी मान डोलावली, ते उठले आणि बरणी आणायला गेले.