पट्टीवरच्या दोन रेघा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात, एवढं मला माहीत होतं. त्यात एचआयव्हीही तपासतात, हे हिंगणघाटच्या खाजगी लॅबमधल्या पोरीने चेहरा पाडून सांगितलं तेव्हा कळलं. पट्टीवर एका रेघेऐवजी दोन उमटल्या होत्या. "काकू, सरकारी केंद्रात पक्की तपासणी करा," म्हणत तिने रिपोर्ट दोन बोटांत धरून माझ्याकडे सरकवला.

मी अनुसया, वडनेरची. वय चोपन्न. माहेर, सासर आणि वाताच्या डॉक्टरचा दवाखाना, यापलीकडे कुठे गेले नाही. मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती नवऱ्याच्या एका प्रश्नाची होती: हे कुठून आणलंस? आमच्या गल्लीत बाईला साधा ताप आला तरी ती कुठे गेली होती, हे आधी विचारतात.

सोबत आलेल्या आमच्या महादेवरावांनी रिपोर्ट वाचला, घडी करून खिशात घातला आणि बसस्टँडवर चहा सांगितला. दोघांचाही चहा निवला. आता विचारतील, मी मनाशी म्हटलं.

"अनुसये, हे माह्यामुळं झालं," हे म्हणाले.

"काय केलं तुमी?"

यांच्या दंडावर काळ्या दोऱ्यांचा रुंद गंडा आहे. लग्नापासून बत्तीस वर्षं आंघोळीलाही न काढलेला. देवाचा समजून दर अमावस्येला मी त्याला कुंकू लावत आले! यांनी तो वर सरकवला. खाली हिरव्या अक्षरांत 'शोभा'.

"लग्नाआधी जत्रेत गोंदवलतं. एकच सुई, अन् आमी आठ पोट्टे. थेच सुई बाधली. मी तुले बुडवलं."

मरणबिरण विसरून मी विचारलं, "शोभा कोन?"

"तुह्याआधी पाह्यलेली पोरगी. तिनं मले नाई म्हणलं."

"शहाणी होती."

दुसऱ्या दिवशी सरकारी केंद्रातल्या समुपदेशक मयुरीताईंनी रिपोर्टाच्या आधी माझी वाकडी बोटं पाहिली. "काकू, हा वात किती वर्षांचा?"

"अकरा."

"या वातात शरीराचे राखणदार घरच्यांनाच चोर समजतात, आपल्याच सांध्यांवर धावून जातात. असं रक्त कधीकधी पट्टीलाही फसवतं. पण कधीकधीच हं. वात आहे म्हणजे रिपोर्ट खोटाच, असं धरायचं नाही. वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासू."

"माह्यं बी घ्या," म्हणत यांनी दंड पुढे केला. बत्तीस वर्षांहून जुन्या सुईची हकीकत ऐकून मयुरीताईंनी हसू कसंबसं दाबलं.

दुपारी निकाल आला. दोघेही निगेटिव्ह. पहिल्या पट्टीला माझ्या वातानेच चकवलं असावं, मयुरीताई म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही. "तुमी मले इचारलं काऊन नाई?"

"काय?"

"का मी हे कुठून आणलं म्हून."

हे माझ्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले. "थे काऊन इचारू? तुह्यावर शक घ्याचं माह्या ध्यानातच आलं नाई."

शोभाच्या नावाने यांना निदान महिनाभर छळायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण त्या बाकावर मला हुंदकाच फुटला, आणि हे बिचारे घाबरून मयुरीताईंना बोलवायला आत धावले.