सरव्याचं रान

"हात लावायचा न्हाई! एका शेंगंलाबी न्हाई!" गोरख बांधावरूनच ओरडला.

साळुबाई खुरपं धरून वाफ्यात बसली होती, ती तशीच बसून राहिली. तिच्या मागं गावातल्या दहाबारा बायका घमेली घेऊन उभ्या होत्या. दोन सालं पावसानं दगा दिलेला. लोणीच्या माळावर ऊन असं तापलं होतं, की ढेकळाला हात लावला तरी चटका बसावा.

"आरं बाबा, सरवा हाये ह्यो," साळुबाई म्हणाली. "तुझ्या शेंगा तू काल ट्रकात भरून नेल्या. मातीत राह्यल्या त्या आमच्या."

भुईमूग उपटला, की वेलाला आलेल्या शेंगा मालकाच्या आणि तुटून मातीत राहिलेल्या गोरगरिबांच्या. मालकानं दोन दिवस रान मोकळं सोडायचं. साळुबाईला स्वतःचं वीतभर रान नव्हतं. सरव्याच्या शेंगा घाण्यावर नेल्या, की तिचं आणि नात अक्षदाचं वर्षाचं तेल निघायचं. त्याच्या बदल्यात काय, हे कुणी कधी बोललं नव्हतं. पण उभ्या पिकाला गावातलं कुणी हात लावत नसे. गोरखचे वडील हौशीरामतात्या यांनी चाळीस वर्षांत शेतावर राखण्या ठेवला नव्हता.

गोरखचं तसं नव्हतं. त्यानं नदीवरून पाइपलाइन आणली, बंगला बांधला, दारात चारचाकी आली. गावच्या विहिरी आटल्या तरी त्याचं रान हिरवं. पूर्वी शेजारी पेरणारे आता त्याच्याच वाफ्यात खुरपायला जात. यंदा तर काढणीलाही त्यानं बाहेरून माणसं आणली.

"आज रोटर फिरवायचा. उद्या ठिबक, मंग टोमॅटो," गोरख म्हणाला. "दोन दिवस तुमच्यापायी रान पाडून ठिवू?"

"एक दिस दे."

"एक तासबी न्हाई. बाजारात तेल मिळतंय की!"

"मिळतंय रं. तुज्या बंगल्यातबी मिळतंय, येऊ का न्यायला?" मागून एक बाई बोलली. सगळ्या हसल्या. गोरखचं तोंड लाल झालं.

"जावेद, घाल ट्रॅक्टर!"

जावेद गावातलाच. त्यानं बायकांकडं पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"मालक, ही साळूमावशी हाये. आमची आई आजारी व्हती तवा हिनं भाकरी पोचवली. माज्यानं न्हाई व्हायाचं."

"मंग उद्यापासनं येऊ नको," म्हणत गोरख स्वतःच चढला. ट्रॅक्टर सरळ वाफ्यात आला. पुढची चाकं साळुबाईपासून चार हातांवर आली, तेव्हा कुठं ती उठली. मागच्या रोटरच्या पात्यांखाली मातीबरोबर शेंगांचाही चुरा झाला. बायका बांधावर उभ्या राहून ट्रॅक्टरची शेवटची फेरी संपेपर्यंत बघत होत्या. मग रिकामी घमेली काखेला मारून गेल्या.

तात्यांनी संध्याकाळी विचारलं, "काय म्हनल्या रं बाया?"

"काय म्हनत्याल? गप गेल्या."

"शिव्या दिल्या न्हाईत?"

"न्हाई."

तात्यांनी ताट बाजूला सारलं.

दोन महिन्यांनी टोमॅटो लाल व्हायला लागले. एके सकाळी ठिबकच्या नळ्या चार ठिकाणी कापलेल्या सापडल्या. फळ मात्र एकही गेलं नव्हतं. गोरखनं राखण्या शोधला. दुप्पट पगार सांगितला. कुणी म्हणालं कंबर धरली, कुणी म्हणालं सोयरीक बघायला जायचंय. शेजारच्या अवसरी गावातून एक जण आला, तोही दुसऱ्या दिवशी न सांगता परत गेला.

मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्या काठी आणि घोंगडी घेऊन स्वतःच बांधावर जाऊन बसले. गोरख नको नको म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही.

दिवस कलायला आला तशा बायका खुरपणीवरून परतू लागल्या. एरवी बांधावरून जाताना त्या तात्यांना हाक मारत, थट्टा करत. आज कुणी मान वर केली नाही. सगळ्या पुढं गेल्यावर साळुबाई तेवढी मागं थांबली. तिनं आधी वस्तीकडं पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली,

"तात्या, तुमी घरी जावा."

"का गं?"

"जावा म्हनते ना. तुमी हितं असताना काय हुयाला नगं."

ती झपझप निघून गेली. तात्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढली आणि ते तिथंच बसून राहिले.