संत जोसेफचं ताट

दारूबंदी आली आणि शिकागोच्या त्या सिसिलियन गल्लीत दारूला ऊत आला. तळघरातळघरांत भट्ट्या, आणि सगळ्या भट्ट्यांचा धनी एकच, डॉन मेल्किओर्रे. अग्रिपिनाच्या नवऱ्याने, कालोजेरोने, आपल्या बेकरीचं तळघर द्यायला साफ नकार दिला. महिन्याभरात बेकरीत बॉम्ब फुटला आणि कालोजेरो गेला. बॉम्ब ठेवणारा डॉनचा माणूस समोरच्या गास्पारे चांभारासकट चौघांनी पाहिला होता. सोमवारी खटला होता आणि चौघांचीही दातखीळ बसली होती. त्यांनी तोंड उघडलं नाही तर खून पचणार, हे अग्रिपिना जाणून होती.

शनिवारी संत जोसेफचा सण आला. नवऱ्याच्या नावाने तिने जेवण मांडलं. पावाचा चुरा भुरभुरलेल्या शेवया, बाकल्याच्या दाण्यांचं कालवण, संत्री आणि हाताने वळलेले पाव. या दिवशी येईल त्याला वाढायचं, वैऱ्यालाही. पण पहिला घास जोसेफ, मारिया आणि बाळ येशूचा. गल्लीतला एखादा म्हातारा आणि दोन पोरं ही सोंगं घेतात, दोन दारांवरून नकार ऐकतात आणि तिसऱ्या दारी जेवतात.

डॉनने गल्लीला दम दिला होता: तिच्या उंबऱ्यावर कुणी दिसता कामा नये. आणि स्वतः मात्र दोन माणसं घेऊन आला.

"काय अग्रिपिनाबाई, आज कुणाला परत पाठवत नाहीत ना?"

"नाही. बसा."

त्याने पावाला हात घातला.

"थांबा. संत जेवल्याशिवाय तोंड खरकटं करायचं नाही. आईने शिकवलं नाही वाटतं?"

"कसले संत? आज कुणाची छाती आहे घराबाहेर पडायची?"

"मग तुम्हालाही उपास."

तो हसला, पण हात मागे घेतला. आईच्या धाकात वाढलेला सिसिलियन माणूस मारेल, पण संताआधी घास घेणार नाही. शेवया निवत चालल्या. अग्रिपिनाने मनातल्या मनात सोमवारची आशा सोडली. नवऱ्याच्या खुन्यासमोर रडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

दार वाजलं.

"कोण?"

"जोसेफ, मारिया आणि लेकरू. जागा आहे का?"

दारात गास्पारे उभा होता, कापसाची दाढी लावून, दोन नातींचे हात धरून.

"म्हाताऱ्या," डॉन म्हणाला, "कुणाला विचारून आलास?"

"आज मी जोसेफ आहे. जोसेफ कुणाला विचारत नाही."

"आणि सोमवारी?"

म्हाताऱ्याने नातींना घेऊन उंबरा ओलांडला. "सोमवारी मी गास्पारे. आणि गास्पारेने पाहिलंय."

अग्रिपिनाला रडू आवरेना. तसंच डोळे पुसत तिने तिघांना वाढलं आणि त्याच पळीने चौथं ताट भरून डॉनसमोर ठेवलं.

"घ्या. आता जेवता येईल."

डॉनने ताट बाजूला सारलं आणि माणसांना घेऊन निघून गेला. गास्पारेने पाव मोडायला घेतला, पण भीतीने त्याचे हात इतके कापत होते की घास तोंडापर्यंत जाईना. अग्रिपिना त्याच्याजवळ बसली आणि तिने तो त्याला भरवला.